जैतूनबीनं ठेवलेलं नाव

रोहणा, ता. आर्वी
१२ जानेवारी २०२५

जैतूनबी चाची,

नमस्कार लिहू की सलाम, ते कळेना. आईला विचारलं तर म्हणाली, "दोन्ही लिही, त्याईले लागन ते त्या घेतीन." तर दोन्ही.

मी अनीस. रोहण्याच्या रूपराव झाड्यांचा मुलगा. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. मी झालो तेव्हा आईनं मला सुपात घालून तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही सूपभर ज्वारी देऊन मला विकत घेतलं, नाव ठेवलं आणि सांभाळायला म्हणून आईच्याच पदरात परत दिलं. पोर दुसऱ्याचं झालं, नावही दुसऱ्याच्या धर्मातलं लागलं, की मरणाला घर सापडत नाही म्हणे. तुम्ही तेव्हा आमच्या गावात बांगड्या भरायला यायच्या. तुमचा पत्ता आईनं आर्वीच्या बाजारातल्या एका बांगडीवालीकडून मिळवला. ती म्हणाली, त्यांना ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही, पण मराठी वाचतात. माझाही फोन फुटला आहे. म्हणून पत्र.

गावात माझ्यासारखी आणखी आहेत. एक फकीरा आहे. पण ते घरातलं, शाळेत तो प्रफुल. माझ्याच आईला वाटलं, की कागदावर वेगळं नाव लावणं म्हणजे मरणाशी लबाडी. म्हणून दाखल्यावर अनीस, आधारवर अनीस. आयुष्यभर प्रत्येक खिडकीवरचा माणूस एकदा कागदाकडे बघतो, एकदा माझ्याकडे. वर्ध्याला कॉलेजात एकानं कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "तू नक्की कोणाचा?" मी त्याच्या तोंडावर ताट मारलं. प्राचार्य म्हणाले, वडिलांना घेऊन या. मी नेलं नाही, आणि पुन्हा गेलोही नाही. दुसरं वर्ष अर्धं राहिलं.

आता कामाचं. गावातल्या अण्णाजींची मुलगी अपेक्षा. मी तिच्याशिवाय दुसरीशी लग्न करणार नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगतो. गेल्या महिन्यात मी स्वतः अण्णाजींकडे गेलो. ते म्हणाले, "पत्रिकेत काय छापू? हळदीले माही पोरगी उखाण्यात कोणाचं नाव घेईन, अनीसचं?" माझा चुलतभाऊ धनंजय बाजूलाच बसला होता. तो हसला. त्याला मी नंतर पाहून घेतलं.

आई सांगते की लग्नाआधी तुमच्याकडून मला सोडवून आणावं लागतं, त्याशिवाय नाव बदलता येत नाही. तर तुम्ही दोन ओळी लिहून पाठवा की सोडलं. आणि एवढं सांगा, की हजार नावं असताना हेच का ठेवलं. अपेक्षानं एकदा तिच्या फोनवर अर्थ शोधला होता. मित्र, असं काही निघालं. ती हसून म्हणाली, "मंग मित्रच राह्य ना."

उत्तराची वाट पाहतो.

अनीस


सिंदी (रेल्वे)
२५ जानेवारी

बेटा अनीस,

सलाम घेतला, नमस्कारही घेतला. तुह्या आईले, सुमित्राले सांगजो का जैतून जिती आहे, फक्त कानानं गेली. पुतण्या समोर उभा राहून बोलते तर त्याचं तोंड हलताना दिसते, बस. पत्र बरं. त्याले ओरडा लागत नाई.

तुले घेतलं ते खरं आहे. पण सूपभर ज्वारी नव्हती, अर्धंच सूप होतं. वर्षच तसं होतं. सुमित्रानं सूप तिरपं धरलं, म्हणून लोकायले भरलेलं दिसलं.

नाव काऊन ठेवलं म्हणून विचारतं, तर तुही आई घाई करून राह्यली होती. तोंडावर आलं ते ठेवलं. त्यात काही खास नाई.

पत्रावर सोडायची रीत नाई. लग्न ठरलं पायजे, तारीख निघाली पायजे. मंग तुह्या मायबापानं यावं, नारळ द्यावा, मी म्हणाव का दिलं. लग्न ठरायच्या आधीच सोडलं तर मधातल्या दिवसात तू कोणाचाच नाई राहत. त्या दिवसात तुले काही झालं, तर मी सुमित्राले काय सांगू? तू शिकेल आहेस, तुले हसू येईन. हस. पण मी तशी नाई सोडत.

अजून एक. तू अण्णाजी काय म्हणते ते लिहिलं, धनंजय हसला ते लिहिलं. पोरगी काय म्हणते ते कुठं आहे? मी पत्र दोनदा वाचलं. मले सापडलं नाई.

जैतूनबी


रोहणा
३ फेब्रुवारी

चाची,

तुमचं पत्र वाचून डोकं फिरलं. मी काय बकरी आहे, का नारळ आल्याशिवाय दावं सुटायचं नाही?

पोरगी काय म्हणते, ते विचारलंत. ऐका मग. दीड वर्ष आम्ही सकाळच्या एकाच एसटीनं वर्ध्याला जात होतो. ती माझ्यासाठी खिडकीची जागा धरायची. एकदा तिनं तिळाचा लाडू अर्धा तोडून दिला, मोठा भाग मला. हे कोणी उगाच करतं का? मी कॉलेज सोडल्यावरही रोज सकाळी स्टॉपवर जातो, ती गाडीत बसेपर्यंत उभा राहतो. आता देवकाकाकू, म्हणजे तिची आई, तिला सोडायला येते. अण्णाजींनीच लावलं असणार. अपेक्षा माझ्याकडे बघत नाही. तेही त्यांनीच सांगितलेलं.

आणि फोन फुटला नाही, मी फोडला. ती फोन उचलत नव्हती. मी स्टॉपवर सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन उचलत नाईस?" ती खाली बघून म्हणाली, "बाबाले तुहं नाव चालत नाई ना." बघा, शेवटी नावच. मी फोन सिमेंटच्या बाकावर आपटला. काच तिच्या पायापर्यंत उडाली. ती रडायला लागली. इतकी रडली, की मला तेव्हाच कळलं, तिच्या मनात काय आहे ते.

घरी बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी जेवायला बसलो की टीव्हीचा आवाज वाढवतात. दिवसभर मी वावरात असतो. तूर कापून झाली, आता हरभऱ्यात बसतो. मित्र म्हणावे असे होते ते वर्ध्याला राहिले. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून शब्द निघतो तो फक्त बैलाला.

नाव बदलून मी आदित्य ठेवणार आहे, ठरवलं आहे. आई म्हणते, चाचीनं सोडल्याशिवाय बदलशील तर मी अन्न सोडीन. तिनं दोन पोरं पुरली आहेत, ती खरंच सोडेल. म्हणून तुमच्या पाया पडतो, नाहीतर पडलो नसतो. एक नाव धरून ठेवून तुम्हाला काय मिळतं? तुम्ही तर मला एकदाही बघायला आला नाहीत.

अनीस (सध्या)


सिंदी (रेल्वे)
१७ फेब्रुवारी

बेटा,

"सध्या" वाचून हसली मी.

तुले पाह्यले नाई आली म्हणतं. तुही आईच म्हणाली होती, का घेणारीनं लग्नापर्यंत पोराच्या समोर येऊ नये, नाईतर पोर तिच्यामागं निघून जाते. मी म्हटलं बरं. तेव्हापासून रोहण्याची पायरी चढली नाई. मोठं गाव, सणासुदीले चांगला धंदा व्हाचा. मी एसटीतून उतरून बाहेरच्या बाहेर दुसऱ्या गावाले जात जाव. बाकीच्या बांगडीवाल्या म्हणत, जैतूनचं रोहण्यात भांडण झालं. एकदा आर्वीच्या बाजारात सुमित्रा बांगड्या भराले माह्याजवळ आली. तुले तिनं तिकडे कांदेवालीजवळ ठेवलं होतं, मले दिसू नये म्हणून. तू असा चिल्लाऊन राह्यला होता का सारा बाजार पाहे. तेव्हा माहे कान चांगले होते. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो, पण मी मान नाई वळवली. बांगडी हातातच फुटली माह्या. म्हणून सांगते, तुहा आवाज मले माहीत आहे. तोंड नाई.

आणि नावाचं मी खोटं लिहिलं होतं. तोंडावर नव्हतं आलं.

माहे मालक लवकर वारले. पोटासाठी पेटी डोक्यावर घेतली. सासरकडचे एक म्हातारे होते, तेही बांगड्याच विकत. अनीस मामू म्हणत सारे. त्याईच्यासंगं मी गावोगाव फिरली. मधात रान लागे. मामू बोलत नव्हते काही. पुढं चालत, आणि मधामधात खाकरत, म्हणजे मागच्या बाईले समजावं का पुढं माणूस आहे. तू व्हायच्या आधीच्या पावसात ते गेले. मंग त्या रस्त्यानं मी एकटी. तुले सुपात पाह्यलं आणि ते नाव निघालं. तुह्या आईची दोन गेली होती, माहं तर कोणी आलंच नव्हतं. नाव रिकामं पडलं होतं.

तू विचारलं म्हणून इथल्या मशिदीतल्या हाफिजजीले पुसलं. त्याईनं कागदावर लिहून देल्लं, मले ऐकू नाई येत म्हणून. अरबीतलं नाव आहे. उन्स म्हणजे लळा, ओळख, माणसाले माणसाची सवय. त्यातून अनीस, ज्याच्या जवळ बसलं का ओसाड वाटत नाई, भेव वाटत नाई. इन्सान हा शब्दही त्यातूनच आला, असं काही लोक म्हणतात, काही नाई म्हणत. आणि जुन्या अरबी बोलीत म्हणे, घरात अनीस नाई, असं म्हटलं का त्याचा अर्थ, घरात कोणीच नाई.

आता ऐक. माह्याजवळ बांधला आहेस असं तुले वाटते, तर तसं बांधून मले काही नाई पायजे. मी जैतूनबी मणियार, सुमित्राबाई रूपराव झाडे हिच्या पोराले सोडलं. नारळ नको. हा कागद पुरे. नाव ठेव, नाईतर टाक. फक्त माही एक ऐक. हा कागद पोरीच्या बापाले दाखवाच्या आधी पोरीले विचारजो, आणि एकटीले विचारजो.

जैतूनबी


सिंदी (रेल्वे)
२१ मार्च

बेटा अनीस,

महिना होऊन गेला. पत्र नाई. रमजान आहे, मी रोजाने आहे, दिवसभर दारात बसते. पोस्टमन जाताना हात हलवते का काही नाई.

तुले तसं सोडाले नाई पायजे होतं मी. लग्न ठरलं नव्हतं, तारीख नव्हती. सुमित्रानं मले मरणापासून लपवाले पोर देल्लं होतं, आणि मी दोन ओळीत मोकळं करून टाकलं. तुले काही झालं तर नाई ना? लिहायची इच्छा नसन तर कोऱ्या कार्डावर पत्ता टाकून धाड. मी समजून घेईन.

जैतूनबी


रोहणा
४ एप्रिल

चाची,

मी बरा आहे. मला काही झालेलं नाही. उशीर केला, त्याबद्दल रागवा.

तुमची एक गोष्ट मी ऐकली नाही. कागद मिळाला त्याच दिवशी तो घेऊन सरळ अण्णाजींच्या अंगणात गेलो. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, घडी करून परत दिलं. म्हणाले, "बरं झालं. आता नावाचं काही राह्यलं नाई." मला वाटलं, झालं. मी चक्क त्यांच्या पाया पडलो. तेवढ्यात आतून देवकाकाकू म्हणाली, "पोरीले तं इचारा."

अपेक्षा बाहेर आली. कणकेचे हात तसेच. मी म्हटलं, "बदलून राह्यलो नाव. आदित्य. चालते ना?"

ती म्हणाली, "नावाचं मी कधी म्हणली?"

"स्टॉपवर म्हणली ना."

"बाबाचं नाव पुढं केलं. मले वाटलं तेवढ्यात तू थांबशील. तू आदित्य राह्य का काई राह्य. मले तुह्या नावाचं भेव नाई वाटत, अनीस. तुहं वाटते. तू स्टॉपवर दिसला का मी आईच्या आड होते. रातभर तेच डोक्यात राह्यते, का उद्या काय आपटीन."

मी म्हटलं, "मी तुले कधी हात लावला काय?"

ती म्हणाली, "नाई. म्हणून तं कोणाले सांगताही येत नाई."

अण्णाजी उठून आमच्या मधे उभे राहिले. मी तिथल्या खुर्चीला हात लावला होता. का लावला, मला आठवत नाही. सगळे त्या हाताकडे बघत होते. मी हात काढून घेतला आणि घरी आलो.

तेव्हापासून लिहायला बसतो आणि उठतो. इतके दिवस भांडायला नाव होतं. अण्णाजी होते, कॉलेजातला तो पोरगा होता, धनंजय होता, तुम्ही होता. आता कोणीच नाही. हाफिजजींनी लिहून दिलेला अर्थ मी पुन्हा वाचला नाही. एकदा वाचलेला पुरला.

तिचं लग्न ठरलं. समुद्रपूरचा मुलगा आहे, शिक्षक. १८ मेला. धनंजयनं सांगितलं, "त्या दिवशी तुह्यावर नजर ठेवाले दोन पोरं लावले आहे. वाईट वाटून घेऊ नको." मी म्हटलं, बरं केलं. तिची परीक्षा आहे, तर ती अण्णाजींच्या गाडीवर आर्वीपर्यंत जाते, स्टॉपवर येत नाही. मी आता जातच नाही, पण ते तिला कोण सांगणार? मी सांगायला गेलो तरी तेच होणार.

नाव बदललं नाही. आईनं विचारलं, केव्हा जातो? मी म्हटलं, राहू दे. बाबांनी टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे बघितलं.

चाची, सोडलेलं पोर परत घेता येतं का?

अनीस


सिंदी (रेल्वे)
१३ एप्रिल

बेटा,

कार्ड आलं असतं तरी चाललं असतं, तू तर पत्र धाडलं. ते वाचून मी बाहेर जाऊन उभी राह्यली. पुतण्याले वाटलं कोणी मेलं.

परत घ्यायची रीत नाई. एकदा दिलं ते दिलं. तू आता सुमित्राचा आहेस, पुरा. पण समोर यायचं नाई, ते तं घेतलेल्या पोराले होतं. सोडलेल्याले मनाई कोण करन?

तुही लाज मी समजली. म्हणून तुले एक सांगते, जे मी कोणाले सांगलं नाई. अनीस मामूसंगं फिरायला लागली तेव्हा सुरुवातीले मले त्याईचंच भेव वाटे. तरणी विधवा, रान, आणि सोबत माणूस. मी पदर घट्ट धरून, मुठीत दगड घेऊन चालत जाव. मामूनं तो दगड पाह्यला. कसम नाई खाल्ली, मी चांगला माणूस आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी पाहते तं मामू हाकेच्या अंतरावर पुढं. नेहमीसाठी. मले दिसतील एवढे, आणि पोचणार नाईत एवढे. किती दिवसांनी माह्या मुठीतला दगड पडला, ते मलेही नाई समजलं.

इकडे ये. लग्नाच्या चांगलं आधी ये. इथं माहं छोटंसं दुकान आहे, कौलं फेरायची आहेत. उन्हाचं पुतण्याले होत नाई.

जैतूनबी


सिंदी (रेल्वे)
५ मे

देवकाकाकू,

मी अनीस. पत्र माझं आहे म्हणून फाडू नका, एवढं वाचा. यात मागणं काही नाही.

मी आठ दिवसांपासून सिंदीला जैतूनबी चाचीकडे आहे. आईला माहीत आहे, तिला विचारून खात्री करा. लग्न होईपर्यंत इथेच आहे. त्यानंतरही काही महिने इथेच, कौलं फेरून झाली की चाचीच्या पुतण्यासोबत हमालीला जाईन. माझ्यावर ठेवलेल्या दोन पोरांना सांगा, पंगतीत वाढायला या म्हणून. माणसं कमी पडतात.

इथे दुकानात बायका बांगड्या भरायला येतात. त्या आल्या की मी उठतो आणि रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली जाऊन बसतो. चाचीनं सांगितलं नाही, मीच जातो. पहिले दोन दिवस त्या माझ्याकडे बघून घाईनं उठत होत्या. आता चहा मागवून बसतात.

अपेक्षा माहेरपणाला येईल तेव्हा माझ्या आईच्या कानावर घाला. मी त्या दिवसांत गावात नसेन. हे तुम्ही दरवेळी सांगायला हवं असं नाही, मी आईला विचारत राहीन.

तिला हे पत्र दाखवलं नाही तरी चालेल. मी तिला माफी लिहायला बसलो होतो. मग वाटलं, माझं अक्षर बघूनही ती दचकेल. म्हणून तुम्हाला लिहितो.

तिचे अजून दोन पेपर राहिले आहेत, असं आई म्हणाली. ऊन फार आहे. अण्णाजींनी गाडीवर नेऊ नये, त्यांनाही त्रास, तिलाही. सकाळच्या एसटीनं जाऊ द्या. खिडकीची जागा मिळते, वारा लागतो.

स्टॉपवर कोणी नाही.

अनीस